पलीकडची पट्टी

हिंगणघाटात कापसाचा हंगाम सुरू झाला की पुंडलिकरावांच्या दुकानात टीव्हींची रांग लागायची. जिनिंगच्या बाजूनं रुईचे पुंजके उडत यायचे, घराघरात शिरायचे आणि टीव्हीच्या पाठीच्या भोकांतून आत जाऊन बसायचे. पुंडलिकराव मागचं झाकण काढत, चिमट्यानं रुईचा गोळा बाहेर ओढत आणि गिऱ्हाइकाच्या नाकासमोर धरत. "टीव्ही घेतला का गादी भराले टाकली?" गिऱ्हाईक ओशाळायचं. रेडिओ-टीव्ही दुरुस्तीची दुकानं गावात आणखीही होती, पण तिथं एवढा अपमान होत नसे, म्हणून लोकांना ती जरा कच्ची वाटत.

पुंडलिकरावांचं वय बेचाळीस आणि हातात कायम मीटर. काटा हलला तर वस्तू आहे, नाही हलला तर नाही, एवढंच त्यांचं तत्त्वज्ञान. कोणी भुताखेताची गोष्ट काढली की ते म्हणत, "त्याचे दोन तार आणून दे मले, मोजून सांगतो." बिघाड शोधायची त्यांची एकच पद्धत होती. आजारी सेटशेजारी तसाच एक धडधाकट सेट चालू करायचा आणि दोघांची तोंडं पाहत बसायचं. जिथं फरक दिसेल तिथं रोग. एकट्या सेटच्या बोलण्यावर त्यांचा कधी विश्वास नसे.

असा हा खमक्या माणूस एकाच गोष्टीला भ्यायचा, ती म्हणजे स्वतःच्या बायकोशी बोलणं.

लग्नाला एकोणीस वर्षं झाली होती. घरात वडील, बापूजी. जिनिंगच्या वजनकाट्यावर पस्तीस वर्षं उभे राहिलेले आणि आता ओसरीवर कायमचे बसलेले. सासऱ्यासमोर सुनेनं नवऱ्याशी बोलायचं नाही ही घरची रीत, आणि घर तीन खोल्यांचं, त्यामुळे बापूजींच्या समोर नाही अशी जागाच नव्हती. सगळं बोलणं मग बापूजींमार्फत चाले. "बापूजी, तिले सांगा, आज याले उशीर होईन." "बापूजी, त्याईले सांगा, घासलेट संपलं." बापूजींना एका कानानं कमी ऐकू यायचं, आणि निरोप पोचवताना ते पदरचंही थोडं घालत. घासलेटाच्या निरोपाचा कितीदा तरी गूळ झाला होता. एकुलती मुलगी पुलगावला दिल्यापासून तेवढंही बोलणं आटलं. अनुसयाबाई कामात आणि पुंडलिकराव दुकानात, असं चाललं होतं.

पण त्या हिवाळ्यात, म्हणजे पंच्याऐंशी सालच्या, पुंडलिकरावांच्या मनानं एक गोष्ट घेतली होती. बायकोला एकदा तरी नावानं हाक मारायची, आपल्या हातानं शेवंतीची वेणी द्यायची आणि एक वाक्य बोलायचं. वाक्य तयार होतं. "अनुसया, तुयासाठी आणली, लावून पाह्य." दुकानात दुपारी कोणी नसलं की ते बंद टीव्हीच्या काचेसमोर उभं राहून म्हणून बघत. चौकातल्या देवकाबाईकडून वेणी घेतही. घराच्या फाटकापर्यंत जात. ओसरीवर बापूजी दिसले की वेणी खिशात जाई, आणि दुसऱ्या दिवशी दुकानातल्या गणपतीच्या तसबिरीवर चढे. त्या गणपतीची त्या हिवाळ्यात मोठी चैन झाली.

दिवाळीनंतर सदाशिवराव दुकानात आले. हे एका सूतगिरणीच्या क्लबचे सेक्रेटरी. क्लबात कॅरम होता, पत्ते होते, आता त्यांना टीव्हीवर खेळायचा खेळ हवा होता. नागपुरात त्यांनी तो कोणाकडे तरी पाहिला होता. पडद्यावर दोन्ही बाजूंना एकेक पांढरी पट्टी, मधे एक ठिपका. हातातल्या हँडलची घुंडी फिरवली की आपली पट्टी वर-खाली होते. ठिपका पट्टीनं परतवायचा, चुकला की समोरच्याचा गुण, आधी पंधरा करेल तो जिंकला. पुंडलिकराव नागपूरला सीताबर्डीवर गेले. दुकानदार म्हणाला, तीन डबे आहेत, तिन्ही घेतले तर देतो. पुंडलिकरावांना ते पटलंच. एकट्या सेटवर विश्वास ठेवणाऱ्यांतले ते नव्हते.

एक डबा त्यांनी दुकानात उघडला आणि काउंटरवरच्या टीव्हीला जोडला. दुसरा घरी नेऊन आतल्या खोलीतल्या टीव्हीला जोडला. दोन ठिकाणी चालवून पाहिल्याशिवाय वस्तूचा गुण कळत नाही, असं त्यांनी बापूजींना सांगितलं. खरं कारण एवढंच की दुपारी घर फार शांत असायचं. तिसरा डबा सदाशिवरावांचा. तो मात्र उघडायचा नव्हता. क्लबात नवी वस्तू आली की मालकांच्या हातानं नारळ फुटणार, कुंकू लागणार, मगच डबा उघडणार. मालक बाहेरगावी होते. सदाशिवरावांनी डब्याला स्वतः सुतळी आवळली, गाठीवर लाखेचं सील मारलं आणि पुंडलिकरावांच्या फळीवर ठेवून दिला. "महिनाभर राहू द्या इथंच. हात नका लावू बरं का."

"मले दुसरा धंदा नाई का?" पुंडलिकराव म्हणाले.

घोटाळा पहिल्याच दिवशी उघड झाला. प्रत्येक डब्यात दोन हँडलं हवीत. दुकानातल्या डब्यात एकच निघालं. थर्माकोलमध्ये दुसऱ्याची खाच होती, ती रिकामी. घरच्या डब्यातही तेच. सीताबर्डीच्या दुकानदाराला कार्ड टाकलं, त्याचं उत्तर आलं की माल पूर्ण दिला होता. आता एका हँडलनं खेळणार काय? आपली पट्टी हलायची आणि पलीकडची खालच्या कोपऱ्यात मेल्यासारखी पडून राहायची. ठिपका जायचा, गुण मिळायचा, पुन्हा जायचा, पुन्हा गुण. पुंडलिकराव दोन दिवस पंधरा-शून्यनं जिंकले आणि कंटाळले.

तिसऱ्या दिवशी दुपारी पलीकडची पट्टी हलली.

आधी थोडी थरथरली. मग हळूच वर आली, मधोमध थांबली, आणि पुंडलिकरावांनी मारलेला ठिपका तिनं अलगद परत केला. पुंडलिकरावांनी घुंडी सोडली. ठिपका त्यांच्या पट्टीशेजारून निघून गेला. पडद्यावर वरच्या बाजूला एक गुण चढला, पलीकडच्याचा.

दुसऱ्या कोणी गणपतीकडे पाहिलं असतं. पुंडलिकरावांनी मीटर उचललं. दुसऱ्या हँडलच्या रिकाम्या भोकात मीटरची टोकं घालून पाहिली, काटा हलला नाही. सेट उघडला, एकेक जोड पुन्हा डागला, स्टॅबिलायझर बदलला, अँटेनाची वायर काढून टाकली. चालू केल्यावर पट्टी पुन्हा आली आणि त्यांना पंधरा-चारनं हरवून गेली. खेळणारा जो कोणी होता तो सावकाश खेळायचा, घाई नाही, आणि शेवटच्या क्षणी ठिपका कोपऱ्यात सरकवायचा. पुंडलिकरावांना घाम फुटला, पण तो हरल्याचा होता.

मग त्यांनी आपली नेहमीची पद्धत वापरली. दुसऱ्या सेटचं तोंड पाहायचं. संध्याकाळी घरी जाऊन ते भिंतीकडे पाहत म्हणाले, "बापूजी, घरच्या खेळातली ती पलीकडची पट्टी हालते का, इचारा बरं."

स्वयंपाकघरातून उत्तर आलं, "हालते म्हणा. आज दुपारपासून हालून राह्यली. मी खेळली तिच्यासंगं."

"कोण जिंकलं?"

बापूजींनी विचारलं. "मी," अनुसयाबाई म्हणाल्या. त्यांच्या आवाजात हसू होतं.

पुंडलिकरावांच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. घर आणि दुकान यांच्यात दोन गल्ल्या. दोन्ही टीव्ही चार नंबरच्या चॅनलवर. या डब्यांतून जो सिग्नल निघतो तो वायरीतच राहत नसणार, हवेतही सुटत असणार. इकडची पट्टी तिकडे, तिकडची इकडे! त्यांनी रात्रीच वहीत आकृती काढली. सकाळी बापूजींना समजावून सांगितलं, "तिले सांगा, तिकडून जे खेळून राह्यलं ते मी आहो. हवेतून."

"हवेतून ताप येते, बे," बापूजी म्हणाले. पण निरोप पोचवला.

आणि मग पुंडलिकरावांच्या आयुष्यातला सगळ्यात सुखाचा महिना सुरू झाला. रोज अकराला ते काउंटरवरचा टीव्ही लावत. पट्टी येई. तासभर खेळ चाले. गिऱ्हाइकांचे सेट उघडे पडून राहत. एक वाजता बापूजी जेवणाचा डबा घेऊन येत, पाय मोकळे करायचे म्हणून. त्या डब्यात पुंडलिकरावांना उत्तरं सापडू लागली. ते फार वाईट हरले त्या दिवशी डब्यात शिरा निघाला. जिंकले त्या दिवशी ठेचा असा की कानातून धूर निघावा. आता डब्यात अर्थ शोधायला बसलेल्या माणसाला साध्या वरणातही अर्थ सापडतो, हे कबूल. पण एकोणीस वर्षांत ज्याला घासलेटापलीकडे निरोप आला नव्हता, त्यानं शोधला तर काय चुकलं?

हळूहळू त्यांना पलीकडच्या हाताची ओळख पटायला लागली. आपण दोनदा चुकलो की तो तिसरा ठिपका मुद्दाम सोपा देतो. लाईनीचा दाब कमी होऊन पडदा आकसला की थांबून राहतो, गैरफायदा घेत नाही. हिचा स्वभाव असा आहे हे आपल्याला माहीतच नव्हतं, याची पुंडलिकरावांना लाज वाटली. पडद्यासमोर बसून त्यांना भरून यायचं. मधेच कोणी गिऱ्हाईक आलं की ते डोळ्यांत धूर गेला म्हणत आणि डाग द्यायचा तापता काव्या उचलत.

एक दिवस दुकान बंद करायच्या वेळी त्यांना गंमत सुचली. त्यांनी आपली पट्टी दोनदा वर-खाली केली. येऊ का घरी? पलीकडची पट्टी क्षणभर थांबली आणि एकदा वर-खाली झाली. या. ते घरी पोचले तर कपात चहा ओतला जात होता. त्या रात्री अनुसयाबाई बापूजींना वाढताना म्हणाल्या, "पट्टी दोनदा हालली की मी आधण ठेवते म्हणा." बापूजी म्हणाले, "पुंडलिक, ही म्हणते पट्टी ठेवली." तेव्हापासून रोज संध्याकाळी दोनदा आणि एकदा, असं ठरून गेलं.

वेणी मात्र अजून गणपतीलाच जात होती. वाक्य पडद्यासमोर उभं राहून आता मोठ्यानं म्हणून झालं होतं, पट्टीसमोरही म्हणून झालं होतं. ती ऐकल्यासारखी स्तब्ध राहायची. संक्रांतीला बोलायचंच, असं पुंडलिकरावांनी ठरवलं.

संक्रांतीच्या दोन दिवस आधी त्यांना साडेबाराच्या सुमाराला घराजवळच्या एका बंगल्यात अँटेना फिरवायला बोलावणं आलं. त्यांनी सवयीप्रमाणे दुकानाचं मेन खाली ओढलं, शटर लावलं, कुलूप ठोकलं. अँटेनाचं काम दहा मिनिटांत झालं. आलोच आहोत तर घरी डोकावून जावं, असं मनात आलं. ओसरी रिकामी होती. बापूजी डबा घेऊन निघाले असतील. म्हणजे अनुसयाबाई एकट्या! खिशात वेणी होतीच. पुंडलिकरावांनी घसा साफ केला आणि आतल्या खोलीच्या खिडकीपाशी आले.

आतून ठिपका पट्टीवर आपटल्याचा आवाज येत होता. टुक. टुक.

अनुसयाबाई टीव्हीसमोर बसल्या होत्या. पदर खांद्यावर, चेहरा लाल. त्या पडद्याशी बोलत होत्या. "असं नाई चालत हो! कोपऱ्यात टाकाचं नाई म्हटलं न तुमाले. अहो, थांबा न जरा, हात दुखून राह्यला माया." आणि मग लग्नाच्या वेळी होत्या तशा हसल्या. पलीकडची पट्टी जरा थांबली, मग सोपा ठिपका तिनं दिला. रिकामं भोक पुंडलिकरावांना खिडकीतून स्पष्ट दिसत होतं.

दुकानाचं मेन खाली होतं. ते त्यांनी स्वतःच्या हातानं खाली ओढलं होतं.

ते आत गेले नाहीत. चपला हातात घेऊन फाटकातून बाहेर पडले. बराच वेळ ते गल्ल्यांतून नुसते फिरले; त्यांना फार राग आला, मग रडू आलं, आणि मग दुकान आलं. बापूजी शटरच्या पायरीवर डबा मांडीवर घेऊन बसले होते.

"कुठं गेलता बे? केव्हाचा बसलो इथं मी."

पुंडलिकरावांनी शटर उघडलं, मेन वर केलं, टीव्ही लावला. पट्टी मधोमध उभी होती, वाट पाहत. एक डाव सुरू झाला. तेच सावकाश खेळणं, तोच कोपरा.

"बापूजी," पुंडलिकरावांनी पडद्यावरची नजर न काढता विचारलं, "तुमची सूनबाई आता काय करून राह्यली असन?"

"देवकाबाईच्या सुनेसंगं नदीवर गेली धुणं घेऊन. मले इथं बसल्या बसल्या पुलाकडे जाताना दिसली आत्ताच. काऊन?"

"काई नाई."

पलीकडच्या पट्टीनं ठिपका परत केला.

बापूजी गेल्यावर पुंडलिकराव जेवले नाहीत. घरचा सेट आणि दुकानचा सेट. दोघांची तोंडं पाहून झाली होती आणि फरक काहीच नव्हता. आयुष्यात पहिल्यांदा असं झालं. मग मीटरचा माणूस जसा विचार करतो तसाच त्यांनी केला. दोन डब्यांतून काही निघत नसेल तर तिसरा पाहायचा.

त्यांनी फळीवरच्या डब्यावर हात ठेवला. डबा कोमट होता. दिवसभर चाललेल्या टीव्हीच्या पाठीसारखा.

सुतळी जागेवर होती. लाखेचं सील जागेवर होतं. सदाशिवरावांच्या अंगठीचा ठसाही होता. पुंडलिकरावांनी साडेतीनपर्यंत वाट पाहिली, कशाची ते त्यांनाही कळलं नाही. मग सुतळी कापली.

आत सेट होता, प्लास्टिकच्या पिशवीत. त्याची दोन हँडलं होती, तीही पिशव्यांत, खाचेत नीट बसवलेली. थर्माकोल उचललं तर खाली आणखी दोन हँडलं होती.

ही पिशवीत नव्हती. त्यांच्या वायरी गुंडाळून ठेवल्या होत्या, कशालाही जोडलेल्या नव्हत्या. नव्या घुंडीच्या कडेला बारीक रेघा असतात, बोट घसरू नये म्हणून. या दोन्ही घुंड्यांच्या रेघा झिजून गुळगुळीत झाल्या होत्या.

पुंडलिकरावांनी बोट लावलं. गरम.

डावीकडची घुंडी फिरली.

काउंटरवर पलीकडची पट्टी वर गेली. घुंडी उलटी फिरली, पट्टी खाली आली.

मग उजवीकडची फिरली. पडद्यावर काहीच हललं नाही. ही दुकानची नव्हती. ही घरची.

ती एकदा इकडे गेली आणि परत आली. पुन्हा एकदा गेली आणि परत आली. दोनदा.

घड्याळात चार वाजले होते. दुकान बंद करायला दोन तास होते.

घुंडी थांबली. कोणाच्या तरी उत्तराची वाट पाहावी इतका वेळ ती थांबून राहिली. मग दोन्ही हँडलं पुंडलिकरावांच्या बोटांखाली हळूहळू गार पडत गेली. काउंटरवरची पट्टी खालच्या कोपऱ्यात जाऊन पडली.

पुंडलिकराव पळाले. मेन खाली केलं नाही, शटर ओढलं नाही. चौकात त्यांना आठवलं की दुपारची वेणी धावपळीत कुठंतरी पडली. बेचाळीस वर्षांचा माणूस घाबरलेला असताना वेणीसाठी थांबतो यावर कोणी विश्वास ठेवणार नाही, पण ते थांबले. रिकाम्या हातानं जायचं नाही एवढंच त्यांना कळत होतं.

"देवकाबाई, वेणी द्या. लवकर."

देवकाबाईनं पाटीवरून मान वर केली. "अजून एक? आत्ताच तं नेली न भाऊ तुम्ही." मग पदराआड हसली. "आज तं बोलले बी मायासंगं. नाई तं तोंड खाली घालून नेता."

पुंडलिकरावांनी वेणी घेतली नाही.

ओसरीवर बापूजी तंबाखू मळत बसले होते. फाटक वाजलं तशी त्यांनी मान वर केली आणि एकदा पुंडलिकरावांकडे, एकदा पाठीमागे घराच्या दाराकडे पाहिलं.

"काऊन बे? घरातल्या घरात कुठून फिरून येते तू?"

तेवढ्यात अनुसयाबाई दारात आल्या. केसात शेवंतीची वेणी होती, ताजी, पिवळी. बापूजी समोर होते तरी त्यांनी पदर ओढला नाही, भिंतीकडे पाहिलं नाही. एकोणीस वर्षांत पहिल्यांदा त्या सरळ पुंडलिकरावांच्या तोंडाकडे पाहत होत्या. हे डोळे इतके काळे आहेत हे त्यांना माहीत नव्हतं.

"अनुसया, तुयासाठी आणली, लावून पाह्य," त्या हळूच म्हणाल्या, त्यांच्याच आवाजाची नक्कल करत, आणि हसल्या. "एवढंसं बोलाले एकोणीस वर्ष लागले तुमाले?"

पुंडलिकरावांजवळ तेवढं एकच वाक्य होतं.

खिडकीत त्यांचा कप होता. नेहमीच्या जागेवर, तळाला चहाची पूड राहिलेला. बशीत थोडा सांडलेला चहा अजून ओला होता.

"आत्ताच घेतला म्हणा," अनुसयाबाई म्हणाल्या, "पण चेहरा पाहा कसा झाला तुमचा. अजून एक ठेवू का?"

खरं सांगावं, असं पुंडलिकरावांना वाटलं. मी नव्हतो, महिनाभर मी नव्हतोच, असं म्हणावं. पण त्या उत्तराची वाट पाहत समोर उभ्या होत्या, बापूजींच्या देखत, वेणी घालून.

"ठेव," पुंडलिकराव म्हणाले.

त्या आनंदानं स्वयंपाकघरात गेल्या. स्टोव्हला पंप मारल्याचा आवाज आला. बापूजींनी तंबाखू ओठाखाली ठेवली आणि डोळे मिटले. पुंडलिकराव ओसरीच्या कडेला टेकले, चपला काढल्या, पाय वर घेतले.

अनुसयाबाई स्वयंपाकघरात होत्या, तरी आतल्या खोलीत खेळ चालू होता. टुक. मग पलीकडून, टुक. त्यांनी कान देऊन ऐकलं. बराच वेळ दोघांपैकी कोणीही चुकलं नाही.